वकिलाचं दप्तर

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं. आदल्या दिवशी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं होतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतली वकीलमंडळी ज्या गोष्टीसाठी चार दशकांहून अधिक काळ मोर्चे काढत होती, ती सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत प्रत्यक्षात आली. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने फायलींच्या पिशव्या घेऊन मुंबई गाठायची आणि ‘आज बोर्ड पोचलाच नाही’ हे ऐकून परत फिरायचं, असल्या फेऱ्यांतून पक्षकारांच्या दोन पिढ्या गेल्या होत्या.

या बेंचमुळे जिल्ह्यातल्या वकिलांच्या ऑफिसांवर एक वेगळाच भार आला आहे. पूर्वी खालच्या कोर्टाचा निकाल लागला, की कागद मुंबईच्या वकिलांकडे पाठवले जात. अपिलाची मुदत मोजणं, रजिस्ट्रीने काढलेल्या त्रुटी दूर करणं, रोज संध्याकाळी उद्याचा बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या कामांची यादी, पाहणं ही कामं तिकडचं ऑफिस करायचं. आता ती सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या वकिलाने स्वतः करायची आहेत. युक्तिवादात ही माणसं कुणाला हार जाणारी नाहीत. प्रश्न ऑफिसचा आहे.

या लेखासाठी मी कोल्हापूर, सांगली आणि साताऱ्यातली काही ऑफिसं आतून पाहिली. काही एका खोलीची होती, काहींत पाच-सहा ज्युनिअर होते. सिनिअरांशी बोललो, त्याहून जास्त त्यांच्या कारकुनांशी बोललो. बहुतेकांनी नाव छापू नका असं सांगितलं, ते पाळलं आहे. बोलता बोलता एक गोष्ट पक्की होत गेली. पक्षकाराचा हक्क कोर्टात बुडतो त्याहून अधिक वेळा वकिलाच्या ऑफिसात बुडतो, आणि तोही आळसामुळे नव्हे. ऑफिसची सगळी व्यवस्था एकाच माणसाच्या डोक्यात असते म्हणून. लॉ कॉलेजात करारापासून घटनेपर्यंत सगळं शिकवतात, पण डायरी कशी ठेवायची, कारकुनाला किती पगार द्यायचा, पक्षकाराच्या पैशाचा हिशेब कसा लिहायचा हे फारसं कुणी शिकवत नाही. नवा वकील ते सिनिअरकडे पाहून शिकतो आणि सिनिअरची खोडही त्यासोबत उचलतो.

सुरुवात डायरीपासूनच करायला हवी. सांगलीतल्या एका दिवाणी ऑफिसात संध्याकाळी सहा-साडेसहाला गेलो. तिथले कारकून तीसेक वर्षं एकाच सिनिअरकडे आहेत. सिनिअर त्यांना ‘अण्णा’ म्हणतात, ते सिनिअरना ‘साहेब’. कोर्टातून आल्यावर चहा घ्यायच्या आधी अण्णांनी डायरी उघडली. पानावर मागली तारीख, मुकदमा नंबर, पक्षकारांची आडनावं, कोर्ट, स्टेज आणि पुढली तारीख असे रकाने. दिवसभरात ज्या कामांच्या तारखा पडल्या त्या त्यांनी एकेक करून पुढच्या पानांवर चढवल्या आणि प्रत्येक नोंद चढवून झाली की आजच्या पानावर लाल टिंब दिलं. टिंब नसलेली नोंद म्हणजे तारीख अजून कळलेली नाही. अशा दोन होत्या. एका कोर्टात न्यायाधीश रजेवर होते आणि दुसरीकडे रोजनामा लिहून झाला नव्हता. त्या दोन नोंदी अण्णांनी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवल्या. सकाळी कोर्टात शिरल्यावर पहिलं काम तेच.

“ॲपवर कळतं की सगळं,” मी म्हटलं. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढली तारीख दिसते हे आता खेड्यातल्या पक्षकारालाही ठाऊक आहे.

“तारीख कळते, साहेब. त्या तारखेला आपण काय करायचं ते कुठं कळतं?” अण्णा म्हणाले. त्यांनी एक नोंद दाखवली. स्टेजच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘साक्षीदार तलाठी – समन्सचा भत्ता भरणे’. भत्ता भरला नाही तर समन्स निघणार नाही, तलाठी येणार नाही आणि तारीख फुकट जाईल. अशा तीन तारखा फुकट गेल्या की कोर्ट पुरावा बंद करू शकतं. ॲपवर मात्र स्टेज ‘एव्हिडन्स’ एवढीच दिसते.

अण्णांची पद्धत उत्तम आहे, पण ती अण्णांची आहे. दोन वर्षांपूर्वी ते डेंग्यूने आजारी पडले आणि बरेच दिवस दवाखान्यात होते. त्या काळात ऑफिसात डायरी होती, पण त्यांची टिपणं वाचणारा कुणी नव्हता. ‘भ.’ म्हणजे भत्ता, ‘पु.’ म्हणजे पुरसीस की पुरावा, हे ज्युनिअरना दवाखान्यात जाऊन विचारावं लागलं. तेव्हापासून त्या ऑफिसने एक नियम केला. डायरी अण्णा लिहितात, पण शनिवारी दुपारी एक ज्युनिअर पुढच्या पंधरा दिवसांची पानं संगणकातल्या तक्त्याशी ताडून पाहतो. लिहिणारा आणि तपासणारा वेगळा असला पाहिजे, एवढंच यातलं तत्त्व. ऑफिस एका टेबलाचं असलं तरी हे जमतं. कारकून लिहील, वकील स्वतः तपासेल. ज्याला कारकूनच नाही त्याने शेजारच्या वकीलमित्राशी आठवड्याला डायरी बदलून पाहावी. साताऱ्यात दोन तरुण वकील हे करताना दिसले.

कोर्टाची तारीख चुकली तर निदान धावपळ करता येते. दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला तर तो पुन्हा दाखल करून घेण्यासाठी अर्ज करायला तीस दिवस असतात, एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायलाही तीसच. खरी भीती मुदतीची. कोर्टाची तारीख कोर्ट देतं, मुदतीची तारीख कुणी देत नाही. ती ऑफिसने आपली आपण मोजायची असते आणि ती कुठल्याही बोर्डावर लागत नाही.

रोजच्या कामातल्या मुदती बघा. चेक न वटल्याचं बँकेकडून कळलं की तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला पंधरा दिवस, ते गेले की एका महिन्यात फिर्याद. साध्या दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून कैफियतीला, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराला, तीस दिवस, कोर्टाने वाढवून दिले तर नव्वद. त्यानंतरही अपवादात्मक परिस्थितीत कोर्ट कैफियत घेऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली कैलाश विरुद्ध नन्हकू या प्रकरणात म्हटलं, आणि त्या निकालाच्या भरवशावर कित्येक ऑफिसं निवांत झाली. पण तोच दावा व्यावसायिक न्यायालयात असेल तर १२० दिवसांनंतर कैफियत देण्याचा हक्कच संपतो, हे २०१९ साली त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं. दिवाणी अपील जिल्हा न्यायालयात असेल तर तीस दिवस, उच्च न्यायालयात असेल तर नव्वद. कॅव्हेट, म्हणजे आपलं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज, नव्वद दिवसांनी संपतं आणि संपल्याचं कुणी कळवत नाही.

सुट्टीच्या बाबतीत एक प्रकरण मुद्दाम सांगतो. मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीत आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं, हे मुदत कायद्याचं चौथं कलम सगळ्यांना पाठ असतं. लवाद निवाड्याला आव्हान द्यायला मात्र तीन महिने मिळतात आणि सबळ कारण असेल तर आणखी तीस दिवस, त्यापुढे एकही नाही. आसाममधल्या पाणीपुरवठा मंडळाचे हे वाढीव तीस दिवस नाताळच्या सुट्टीत संपले. कोर्ट उघडल्यावर मंडळाने अर्ज दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितलं की चौथ्या कलमाचा फायदा मूळ तीन महिन्यांना आहे, वाढीव तीस दिवसांना नाही. अर्ज गेला. निवाडा बरोबर होता की चूक, हे बघायची वेळच आली नाही.

म्हणून मुदतीसाठी वेगळी वही हवी, कोर्टाच्या डायरीत ती मिसळू नये. निकाल, समन्स किंवा बँकेचा मेमो ज्या दिवशी हातात पडेल त्याच दिवशी वहीत तीन ओळी घालाव्यात: मुदतीचा शेवटचा दिवस, त्याआधी दहा दिवसांचा इशारा आणि मसुदा तयार व्हायचा दिवस. मोजणी वकिलाने स्वतः करून सही करावी. कारकुनाने कितीही वर्षं काम केलेलं असो, मुदत मोजण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकणं त्याच्यावरही अन्याय आहे.

नकलेच्या बाबतीत बहुतेक ऑफिसं निष्काळजी दिसली. निकालाची नक्कल मिळायला लागलेला वेळ मुदतीतून वजा होतो, हे खरं. पण किती? नकलेच्या शेवटच्या पानामागे शिक्का असतो. त्यात अर्ज केल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि नक्कल दिल्याची तारीख वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. कोल्हापुरात एका ज्युनिअर वकीलबाईंनी मला अशी नक्कल दाखवली. अर्ज ४ तारखेचा, नक्कल तयार १९ तारखेला, नेली २८ तारखेला. वजा होतात ते तयार होईपर्यंतचे दिवस. तयार झालेली नक्कल खिडकीत पडून राहिली त्या नऊ दिवसांचा फायदा मिळेल असं धरून चालणं घातक. त्यांच्या सिनिअरनी निकालादिवशीच नकलेचा अर्ज द्यायचा आणि दर दोन दिवसांनी खिडकीवर विचारायचं, असा दंडक घातला आहे. अपील करायचं की नाही हे पक्षकार नंतर ठरवेल, नकलेचा अर्ज मात्र थांबणार नाही.

नोटिशीच्या पोचपावतीचंही तसंच. २०२५ साली टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं. पिढ्यान्‌पिढ्या ‘आरपीएडीने नोटीस पाठवली’ असं टाइप करणाऱ्या ऑफिसांनी आपले जुने मसुदे त्याप्रमाणे दुरुस्त करायला हवेत. नोटीस पोचल्याची नोंद टपालाच्या संकेतस्थळावर दिसेल त्याच दिवशी तिची प्रत काढून फायलीला लावावी. फिर्याद दाखल करताना शोधू म्हणणाऱ्याला ती सापडतेच असं नाही.

आता एक अशी मुदत, जी पश्चिम महाराष्ट्रातल्या दिवाणी ऑफिसांनी भिंतीवर लिहून ठेवावी. वाटपाचे, वहिवाटीचे, बांधाचे दावे इथं वीस-वीस वर्षं चालतात. तेवढ्या काळात माणसं मरतात. पक्षकार मयत झाल्यापासून नव्वद दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर घेतले नाहीत तर त्याच्यापुरता दावा आपोआप संपतो. त्यानंतर साठ दिवसांत तो परत जिवंत करून मागता येतो, पुढे विलंबमाफीचा अर्ज. आपला पक्षकार वारल्याचं कळलं की ते कोर्टाला सांगणं हे दिवाणी प्रक्रिया संहितेने वकिलाचं कर्तव्यच ठरवलं आहे. पण कळणार कसं? घरात सुतक असताना पोरांच्या डोक्यात वकील नसतो. बारावं-तेरावं होतं, सातबाऱ्यावर वारस नोंद होते, आणि दाव्याची आठवण पुढच्या तारखेला येते.

कराडजवळच्या एका गावातून तालुक्याला वकिली करणाऱ्या एका ज्येष्ठांनी यावर साधा उपाय केला आहे. वर्षातून दोनदा, आखाडात आणि संक्रांतीनंतर, त्यांचा कारकून प्रत्येक चालू दाव्यातल्या पक्षकाराला फोन करतो. मी बसलो होतो तेव्हा असा एक फोन चालला होता. “मावशी, वकीलसाहेबांच्या ऑफिसातनं बोलतोय. तब्येत बरी हाय न्हवं? आणि तुमचे थोरले दीर, प्रतिवादी नंबर चार, ते कसे हायत?” मावशींनी सांगितलं की दीर बरे आहेत, पण नंबर सहाची बाई मागच्याच महिन्यात मुंबईला लेकाकडे गेली होती, तिथंच वारली. कारकुनाने तारीख विचारली, वारसांची नावं विचारली आणि तिथल्या तिथे वहीत लिहून घेतली. नव्वदपैकी साठच्या आसपास दिवस अजून शिल्लक होते. मयताच्या दाखल्यासाठी कुणाला कुठे पाठवायचं ते फोन खाली ठेवायच्या आत ठरलं. माणसाची विचारपूस आणि कोर्टाचं काम दोन्ही त्या एका फोनमध्ये झालं. अशी व्यवस्था प्रत्येक ऑफिसात असावी असं मला मनापासून वाटतं.

कारकुनाबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही. पक्षकार वकिलाला जे सांगतो ते वकिलाने फोडायचं नाही हे सर्वांना माहीत असतं. हेच बंधन कायद्याने वकिलाच्या कारकुनावर आणि नोकरांवरही घातलेलं आहे. जुन्या पुरावा कायद्यात ते १२७ व्या कलमात होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १३२ व्या कलमात आहे. मी विचारलेल्या कारकुनांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हतं. गुप्तता ते पाळत होते, पण खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणून. नव्या माणसाला कामावर घेताना हे कलम मराठीत वाचून दाखवावं आणि एका कागदावर त्याची सही घ्यावी. त्यात कागदपत्रांचे फोटोही आले. आज पक्षकार आपला खाते-उतारा, मेडिकल रिपोर्ट, घटस्फोटाच्या अर्जातले फोटो थेट कारकुनाच्या खासगी मोबाइलवर पाठवतात. तो मोबाइल घरी पोरांच्या हातात असतो. ऑफिसचा वेगळा नंबर आणि वेगळा फोन घ्यायला फार खर्च येत नाही. ई-फायलिंगचा पासवर्ड आणि ओटीपी वकिलाच्याच ताब्यात हवेत. माणूस सोडून गेला की त्याच्यासोबत ऑफिसचा ईमेलही गेला, हे मी दोन ठिकाणी ऐकलं.

एवढी जबाबदारी ज्याच्यावर, त्याला कायद्याचं संरक्षण मात्र तोकडं आहे. मुंबईतल्या एका सॉलिसिटर फर्मच्या कर्मचाऱ्यांनी बोनस मागितला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली सांगितलं की सॉलिसिटरचं ऑफिस हा उद्योग नाही. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात तो विचार मोडीत निघाला, पण एखादा मदतनीस घेऊन एकट्याने व्यवसाय करणारा वकील उद्योगाच्या व्याख्येबाहेरच राहिला. केरळातल्या एका वकील फर्मच्या कारकुनाला कामावरून काढलं, तो तिथल्या दुकाने व आस्थापना कायद्याचा आधार घेऊन दिल्लीपर्यंत गेला. १९८४ साली निकाल लागला की वकिलाचं ऑफिस हे त्या कायद्याखालची व्यापारी आस्थापना नाही. कायद्याचा अर्थ लावण्यापुरता तो निकाल बरोबर असेल. पण त्याचा परिणाम असा, की रोज दुसऱ्यांच्या थकीत पगाराचे दावे चालवणाऱ्या ऑफिसात काम करणाऱ्या माणसाची रजा, पगारवाढ, म्हातारपण सगळं सिनिअरच्या मर्जीवर राहतं. बहुतेक सिनिअर मनाने चांगले असतात. लेकीच्या लग्नाला पैसे देतात, दवाखान्याचं बिल भरतात. तरीही मर्जी ती मर्जी. माझं स्पष्ट मत आहे की कायदा सक्ती करत नाही म्हणूनच वकिलाने स्वतःहून एक पानाचं नेमणूकपत्र द्यावं. त्यात पगार आणि तो होण्याची तारीख, आठवड्याची सुट्टी, वर्षाच्या रजा, दिवाळीला एक पगार, आरोग्यविमा आणि सोडताना किती दिवसांची सूचना, हे लिहावं. कोल्हापुरातल्या ज्या ऑफिसात हे पत्र दिलेलं पाहिलं, तिथला कारकून ते घरी लॅमिनेट करून ठेवल्याचं सांगत होता.

पगार नीट दिला नाही की कारकून ‘वरखर्चा’वर जगू लागतो. पक्षकाराकडून रोख घ्यायची, त्यातलं काही स्टॅम्पाला, काही प्रोसेसला, काही कुणाच्या तरी हातावर, उरलेलं खिशात. सिनिअर तिकडे बघत नाही. यातून दोन रोग जडतात. कारकुनाला चोरीची सवय लागते आणि पक्षकाराची समजूत होते की कोर्टात पैसे चारल्याशिवाय कागद हलत नाही आणि आपला वकीलही त्यात आहे. हा प्रकार पूर्ण बंद करायचा एकच मार्ग मला दिसला. पैसे कुणीही घेवो, पावती फाडल्याशिवाय घ्यायचे नाहीत, आणि पावतीवर फी आणि खर्च वेगवेगळे दाखवायचे.

हे माझं सांगणं नाही, बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतच आहे. पक्षकाराकडून आलेल्या पैशाचा हिशेब ठेवायचा, नोंदीत फी की खर्च ते लिहायचं, खर्चासाठी आलेले पैसे पक्षकाराच्या लेखी संमतीशिवाय फीकडे वळवायचे नाहीत, पक्षकारासाठी कुठून रक्कम आली तर त्याला लवकरात लवकर कळवायचं, त्याने मागितली तर हिशेबाची प्रत द्यायची. निकालावर अवलंबून फी ठरवायला, म्हणजे ‘मिळालेल्यातले इतके टक्के’ घ्यायला, मनाई आहे. मोटार अपघाताच्या आणि भूसंपादनाच्या कामांत हा नियम किती पाळला जातो ते त्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. पाय गमावलेल्या माणसाच्या भरपाईतून टक्के कापून घेणं याला दुसरं काही नाव देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी वकिलांना ग्राहक संरक्षण कायद्याच्या बाहेर ठेवलं, त्याचा बऱ्याच बाररूममध्ये आनंद झाला. शिस्तभंगाची कारवाई मात्र आहे तिथंच आहे, आणि हिशेबाची वही नसलेल्या वकिलाजवळ तिथं दाखवायला काही नसतं.

फीचं बोलणं पहिल्याच भेटीत, टप्प्याटप्प्याने आणि लेखी व्हावं. मनाई अर्जापर्यंत इतके, पुराव्याला इतके, युक्तिवादाला इतके, अपिलाचं वेगळं. आपल्याकडे पैशाचं तोंडावर बोलणं अवघड वाटतं. ‘द्या तुमच्या मनाने’ म्हणायचं आणि पुढे मन दुखवून घ्यायचं, ही रीत वकील आणि पक्षकार दोघांचंही नुकसान करते. फी थकली म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, हेही लक्षात असावं. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ते निःसंदिग्ध सांगितलं आहे. फीसाठी वेगळी दाद मागा, कागद परत करा. त्याहून बरं म्हणजे अस्सल कागद ऑफिसात ठेवूच नयेत. खरेदीखत, मृत्युपत्र, फेरफाराचा जुना उतारा आला की स्कॅन करावा, प्रत फायलीला लावावी, अस्सल पक्षकाराला परत देऊन वहीत सही घ्यावी. कोर्टात दाखल करायच्या दिवशी तो घेऊन येईल. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीत पाणी कुठवर चढलं होतं ते आठवलं, तर तळमजल्यावरच्या कपाटातल्या खालच्या कप्प्यात कुणाचं अस्सल खरेदीखत ठेवावंसं वाटणार नाही.

ज्युनिअरांबद्दल एकच मागणं आहे, त्यांना पैसे द्या. बार काउन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतनाची शिफारस केली. ती शिफारसच आहे, सक्ती नाही, आणि मी विचारलं तिथं बहुतेक ज्युनिअर आकडा ऐकून नुसते हसले. ज्याच्या घरी शेती किंवा बापाची वकिली आहे तोच पहिली पाच वर्षं तग धरतो. ऊसतोड मजुराची हुशार मुलगी दुसऱ्या वर्षी खासगी बँकेत नोकरी धरते. तालुक्याच्या सिनिअरला पंधरा हजार जड जातात हे मान्य. मग निदान ठरावीक रक्कम ठरावीक तारखेला, आणि ज्युनिअरने स्वतः चालवलेल्या कामाच्या फीत वाटा, एवढं तरी व्हावं. आणि त्यांना नुसत्या तारखा घ्यायला लावू नये. दाखल करण्यापासून निकालापर्यंत एक लहान दावा पूर्ण त्यांच्या हातात द्यावा. साताऱ्यात एका ऑफिसात रोज सकाळी पावणेदहाला सगळे दहा मिनिटं उभ्यानेच बोलतात: आज कोणती कामं, कोण कुठल्या कोर्टात, कुणाचा उलटतपास, कुठं मुदतीचा अर्ज. कारकूनही त्यात असतो आणि तोही बोलतो. मुली ज्युनिअर म्हणून येतात त्या ऑफिसात रात्री उशिरापर्यंत थांबवायचं तर घरी पोचवायची सोय हवी, स्वच्छतागृह हवं. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणं कायद्याने बंधनकारक आहे. दहाच्या आत असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता भिंतीवर लावावा.

पक्षकाराला कळवत राहणं हे वरवर लहान काम वाटतं. १९८१ साली रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात वकील हजर न राहिल्याने अपील काढून टाकलं गेलं होतं. न्यायमूर्ती देसाई यांनी म्हटलं की खेड्यातल्या माणसाने वकील दिला, फी भरली, की वकील कोर्टात उभा राहतो की नाही यावर पाळत ठेवणं हे त्याचं काम नव्हे. वकिलाच्या चुकीची शिक्षा त्याला देता येणार नाही. पक्षकार पुष्कळदा नडलेला असतो, घाबरलेला असतो, आणि वकिलाच्या दारात तासभर बसून फक्त ‘पुढली तारीख अमुक’ एवढं ऐकून परत जातो. त्याला त्या संध्याकाळी मराठीत दोन ओळी पाठवता येतात. नक्कल दाखवणाऱ्या कोल्हापुरातल्या त्याच ज्युनिअर वकीलबाईंच्या फोनवर पाहिलेला एक निरोप असा होता: ‘आज तुमच्या दाव्यात प्रतिवादीने मुदत मागितली, कोर्टाने ५०० रुपये खर्चावर दिली. पुढली तारीख १२. तुम्ही यायची गरज नाही. आठ-अ चा नवा उतारा तेवढा पाठवा.’ तुम्ही यायची गरज नाही, या चार शब्दांनी गगनबावड्याच्या माणसाची एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं वाचतं.

आणि शेवटी, सिनिअर अचानक गेले तर? दोन ऑफिसांत हा प्रश्न विचारला, दोन्हीकडे विषय बदलला गेला. तिसरीकडे उत्तर मिळालं. त्या सिनिअरांनी एका पानावर चालू कामांची यादी, प्रत्येकाचा सीएनआर क्रमांक, जवळची मुदत, कुणाची किती आगाऊ रक्कम जमा आहे आणि कोणत्या वकीलमित्राकडे काम सोपवायचं ते लिहून ठेवलं आहे. नवीन वकीलपत्र पक्षकाराने कुणालाही द्यावं, त्याला मोकळीक आहे, हेही त्यात लिहिलेलं आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कारकून ती यादी नवी करतो आणि एक प्रत साहेबांच्या घरी, वहिनींकडे, देऊन येतो.